दुसरीच्या तोंडचं नाव

हे लिहायच्या आधी मी परवानगी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच. एकसष्ट वर्षं मी कुणाचीही गोष्ट कुणालाही न विचारता सांगत आले आहे. नणंदेच्या डोहाळजेवणात जावेचं बाळंतपण आणि जावेच्या घरच्या बारशात नणंदेची भांडणं. तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावून "तुझ्याबद्दल लिहू का गं?" असं विचारताना माझीच जीभ मला परकी वाटली. मग ती म्हणाली, "लिहा बाई. पण नाव नको. कुणाचंच नको. आणि वाढवून नको."

पहिली अट सोपी आहे. दुसरी पाळायची तर मला माझ्याच मानगुटीवर बसावं लागणार आहे.

हैदराबादच्या जामबागेतल्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. पाचवी ब च्या वर्गातून मी हजेरी घेतली की कोठीच्या बसथांब्यावरची माणसं "हजर" म्हणायची. बघा, झालं सुरू. बसथांबा नाही, फार तर फाटकावरचा शिपाई दचकायचा. पण आवाज होता, आणि आवाजाला साजेशी हौस होती. गणपतीत दरवर्षी मी एकपात्री प्रयोग करायची. एकटीच सासू, एकटीच सून, मधेच म्हैस. आणि उखाणे तर विचारूच नका. ह्या शहरातल्या निम्म्या मराठी नवऱ्यांची नावं बायकांच्या तोंडी माझ्या यमकांवर बसून आली आहेत. हल्लीच्या मुलींना मराठी धड वाचता येत नाही, त्या म्हणतात, "आंटी, इंग्लिश अक्षरांत पाठवा ना." मी पाठवते. नवऱ्याचं नाव नुसतं घ्यायचं नसतं, सजवून घ्यायचं असतं, आणि सजावटीचं दुकान माझं.

मागच्या थंडीत माझ्या फोनवर एक जाहिरात आली. फक्त बायकांसाठी, एकटीचं नाटक आणि लेखन, दर रविवारी, सिकंदराबाद, शेवटी खरा प्रयोग. मागे सात रंगांचे पट्टे होते. मला वाटलं, रंगीत छापलंय.

"जाऊ का?" मी ह्यांना विचारलं.

हे सचिवालयातून निवृत्त झालेत, आणि सचिवालयात शिकलेली एकच गोष्ट घरी आणलीय, ती म्हणजे शेरा कमीत कमी शब्दांत मारायचा. "माइक असेल?" ह्यांनी विचारलं.

"असेल."

"मग विचारतेस कशाला?"

जुन्या रेल्वे क्वार्टरांमागे एक बंगली होती, तिच्या दिवाणखान्यात सतरंजीवर पंधरा-सोळा जणी गोल बसलेल्या. शिकवणारी पन्नाशीची तेलुगू बाई होती, केस बारीक कापलेले, सगळ्याजणी तिला अक्का म्हणत होत्या. एकेकीनं ओळख करून द्यायची होती. एक म्हणाली, मला मुली आवडतात. दुसरी म्हणाली, मला दोन्ही. तिसरी एक उंच, देखणी, ब्लाउज शिवणारी होती, ती म्हणाली, "घरवाले लडका समझके पालें. मैं लडकी निकली. पुराना नाम इधर किसीकू नै मालूम, और मर गई तो बी नै बतानेवाली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग माझी पाळी आली आणि मी वीस मिनिटं माझ्या लग्नाची गोष्ट सांगितली, वरातीत बुजलेल्या घोड्यासकट. घोडा नव्हता. रिक्षा होती.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "अम्मा, ये पर्चा आप पूरा पढे?"

"हौ. टाइम पढी, पता पढी."

जो हशा झाला तो मला आवडला. मग अक्कानं समजावून सांगितलं की ज्या बायका बायकांवर प्रेम करतात, ज्यांना आपण बाई आहोत हे जगाला पटवून द्यावं लागतं, त्यांची ही शाळा. आपण जशा आहोत त्याचा ह्यात आनंद करायचा. मला धक्का बसला असं लिहिलं तर शोभेल, पण खरं सांगायचं कबूल केलंय. मला एकच धास्ती होती, की आता मला घरी पाठवतील आणि एवढे चांगले प्रेक्षक हातचे जातील.

"बैठो," अक्का म्हणाली. "लेकिन इधर की बात इधरच."

"हौ हौ!" मी म्हटलं. तेवढ्यात कोपऱ्यात वहीआड तोंड लपवून बसलेली एकजण मला दिसली. ती वही मी कुठेही ओळखली असती. सातवीत असतानाही ती असंच करायची.

"अगं, तू!" मी ओरडले, आणि पुढे तिचं नाव, आडनाव, घर गौलीगुड्यात कुठल्या गिरणीसमोर आहे ते, सगळं एका श्वासात.

चहाच्या वेळी तिनं मला व्हरांड्यात गाठलं. बत्तीस वर्षांची झाली होती, कॉलेजात गणित शिकवत होती, पण माझ्यासमोर हात मागे बांधूनच उभी. "बाई, आईला माहीत नाही."

"अगं, मी कशाला सांगते? माझ्या पोटात गेलं म्हणजे विहिरीत गेलं."

"बाई, तुम्ही विहीर नाही हो. हौद आहात. नळ लावलेला."

मी खो खो हसले. ती हसली नाही. तिनं वही पुढे धरली, आणि मी, जिनं हजारो पोरांना विद्येच्या शपथा घ्यायला लावल्या, त्या वहीवर हात ठेवून विद्येची शपथ घेतली.

अक्काची शिकवायची रीत अशी होती. प्रयोग बारा मिनिटांचा, रंगमंचावर एक बाई आणि समोर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीत कोण बसलंय ते आधी ठरवायचं आणि लिहायचं ते फक्त त्या एका माणसाला. ब्लाउजवालीच्या खुर्चीत तिचा पहिला मास्टर होता, ज्यानं तिला हातशिलाई शिकवली. माझ्या खुर्चीत कोण, असं विचारल्यावर मी म्हटलं, अख्खं हैदराबाद. अक्का म्हणाली, "इतनी बडी कुर्सी नै है अम्मा."

माझ्या त्या वहीवाल्या मुलीच्या खुर्चीत तिची आई होती.

आईला मी ओळखत होते. लवकर विधवा झालेली (आमच्याकडे हळदीकुंकवाला विधवाही येतात, वाणही देतात), सरकारी दवाखान्यात कारकुनी करून एकटीनं मुलगी वाढवलेली बाई. मुलगी पाच वर्षांपासून सिकंदराबादेत एका मैत्रिणीबरोबर राहत होती. मैत्रीण वरंगलकडची, नर्स. आईच्या हिशेबी दोघी रूममेट. दर सणाला नर्स गौलीगुड्याला यायची ती अंबाडीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी घेऊन, आणि ती बरणी आईनं कधी रिकामी परत पाठवली नाही. बेसनाचे लाडू, कधी चकल्या, उन्हाळ्यात कुरडया.

मुलगी हे सगळं लिहीत होती. मराठी तिचं अर्धं मोडलेलं, शुद्धलेखनाचा आनंद, म्हणून वही माझ्याकडे द्यायची. "आई, तू त्या बरणीत जे भरून देतेस ते आम्ही दोघी एका ताटात खातो," असं एक वाक्य होतं. मी लाल पेन घेऊन बसले होते. ऱ्हस्वदीर्घ सोडून मला दुसरं काही सुधारता आलं नाही.

"हे आधी घरी म्हणणार आहे," तिनं सांगितलं. "आईसमोर, स्वयंपाकघरात, मी आणि आई दोघीच. मग फेब्रुवारीच्या शेवटी स्टेजवर, आईला पहिल्या रांगेत बसवून. रथसप्तमी होऊ दे. तिची हळदीकुंकवं संपली की तिला वेळ असतो."

तिच्या आवाजात मी जे ऐकलं ते परीक्षेआधी मुलांच्या आवाजात असतं. सगळा अभ्यास झालाय आणि पेपर अजून हातात पडलेला नाही.

मग एका रविवारी अक्का म्हणाली, आपापल्या घरात म्हणतात असं काहीतरी आणा, जे तुम्हाला कधीच कुणी म्हणू दिलं नाही. मुलगी माझ्याजवळ आली. "बाई, लहानपणी हळदीकुंकवाला तुम्ही माझ्या आईला उखाणा करून दिला होता. मला एक द्याल?"

मी सगळ्यांना सांगते की अर्ध्या मिनिटात केला. चांगली दहा मिनिटं लागली. "अंबाडीच्या आंबटाला गुळाची गोडी" ही पहिली ओळ. दुसरी इथे लिहीत नाही. तिच्यात त्या नर्सचं नाव आहे आणि शेवट जोडीवर होतो. उखाणा म्हणून फार थोर नाही. पण तिनं गोलात उभं राहून तो म्हटला, नावाशी आल्यावर मान खाली घातली आणि दोन्ही कान लालबुंद झाले. शेकडो नव्या नवऱ्या मी नाव घेताना पाहिल्यात, अगदी तशीच लाजली ती. ब्लाउजवालीनं शिट्टी मारली. अक्कानं तेलुगूत अर्थ सांगितला आणि स्वतःच डोळे पुसले. मी तर फुगून सतरंजीवरून चार बोटं वर तरंगत होते. हे वाढवून नाही.

आता ते सांगते.

रथसप्तमीच्या चार दिवस आधी गौलीगुड्यात एका गच्चीवर हळदीकुंकू होतं. शंभर बायका होत्या. नाही, तीस-पस्तीस. मुलीची आईही होती, कठड्याजवळच्या खुर्चीवर, मांडीवर वाणाच्या वाट्यांची पिशवी. मी गेल्यावर नेहमीचा गलका झाला. बाई आल्या, बाई आल्या, बाई, नवीन उखाणा! मी ठेवणीतला एक काढला.

"बाई, हा मागच्या संक्रांतीचा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आणि माझा वीस वर्षांचा सामना आहे. "तिळगूळ तरी ताजा आणलात ना?"

मी दुसरा काढला.

"हा त्याच्या मागच्या वर्षीचा. संपला बायांनो, बाईंचा साठा संपला!"

गच्ची हसली. मला हसवलेली गच्ची आवडते, माझ्यावर हसणारी गच्ची सहन होत नाही. "संपला?" मी पदर खोचला. "अगं, तुमचे उखाणे आजीच्या काळातले. नव्या काळाचा ऐका. आमच्या सिकंदराबादच्या क्लासात एक मुलगी आहे, ती नवऱ्याचं नाव घेत नाही, मैत्रिणीचं घेते!"

आणि मी म्हटला. पूर्ण. नावासकट.

मुलीचं नाव मी सांगितलं नाही, आणि पुढे कित्येक दिवस मी स्वतःला हेच समजावत होते. पण त्या नर्सचं नाव सांगितलं. तेलुगू, जरा वेगळं, गौलीगुड्यात सहसा न ऐकू येणारं. त्या जागी दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. यमक गोडी आणि जोडीत होतं, नावाचा त्याच्याशी संबंधच नव्हता. एकतीस वर्षं मी पोरांना यमक शिकवलं आणि एक शब्द बदलायचं मला सुचलं नाही. इतकं सोपं होतं ते.

गच्ची उसळली. "म्हणजे बाईनं बाईचं?" "अगं बाई गं!" "बरंय की, सासू एक कमी!" तसं कुणी वाईट बोललं नाही. हसू होतं, नवलाचं. पण मी त्या हशावर चढले. ती कशी लाजली ते करून दाखवलं. मान अशी खाली, पदराचं टोक असं दातात, कान असे लाल. तिच्या अंगावर पदर नव्हता, ती जीन्समध्ये होती. पदर मी घातला, गच्चीला कळावं म्हणून.

हशा ओसरत असताना कठड्याकडून आवाज आला.

"बाई, पुन्हा म्हणा हो."

मी वळले. मुलीची आई माझ्याकडे बघत होती. आता सांगते काय ऐकलं मी. मी वन्स मोअर ऐकला. तीस वर्षं स्टेजवर ज्या एका शब्दासाठी उभी राहिले तो शब्द. मी दोन पावलं तिच्याकडे गेले, घसा साफ केला आणि पुन्हा म्हटला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि नाव असं लांबवलं की शेवटच्या रांगेलाही मिळावं. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

ती उठली. घरच्या यजमानीणबाई म्हणाल्या, "काकू, वाण?" तोवर ती जिन्यात होती. हळदीकुंकवाहून वाण न घेता कुणी जात नाही. तिची स्वतःची वाट्यांची पिशवी खुर्चीवर राहिली होती. ती पिशवी उचलून तिच्यामागे जावं म्हणून मी जिन्याशी गेले, आणि दुसऱ्या पायरीवर मला कळलं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. मुलगी कॉलेजातून सुटली असेल. मी फोन करून एवढंच सांगायला हवं होतं, की असं झालंय, आई यायच्या आत तू तिच्याकडे जा. केला नाही. त्याऐवजी मी माझ्या धंद्याला लागले, म्हणजे गोष्ट रचायला. काकूंना साखरेचा त्रास आहे, घाबरंघुबरं झालं असेल. तेलुगू बायकांत ते नाव काय, घरोघरी असतं. स्वतःला सांगितलेल्या गोष्टी मी फार चांगल्या सांगते. माझ्याइतका भोळा श्रोता मला दुसरा मिळालेला नाही.

रविवारी ती आली नाही. अक्कानं विचारलं, "तुम्हारी पोट्टी किधर है अम्मा?"

"बुखार होंगा," मी म्हटलं. "उधर सब घरां में बुखार है." उभ्या उभ्या मी सगळा गौलीगुडा तापानं आजारी पाडला.

त्याच्या पुढच्या रविवारी ती आली. तिच्या हातात बरणी होती. ती तिनं सतरंजीच्या मधोमध ठेवली. धुतलेली, कोरडी, रिकामी.

"आई हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या घरी आली होती," ती सगळ्यांना उद्देशून हिंदीत बोलू लागली, मग माझ्याकडे वळून मराठीत. "मी कॉलेजात होते. दार हिनं उघडलं. पाच वर्षं आई हिला 'आ गे पोट्टी' म्हणते. त्या दिवशी म्हणाली, 'आपकी बरनी.' आप. आणि बरणी रिकामी दिली. हिला कळलंच नाही काय झालंय. हिनं आईला पाणी विचारलं. आई दारातूनच गेली."

बाहेर मालगाडी चालली होती, ती संपेपर्यंत सगळे थांबले.

"मग मी गेले. आई म्हणाली, मी हसले गं. सगळ्यांबरोबर मीही हसले. मग ते नाव डोक्यात शिरलं आणि कळलं, मी कुणाला हसतेय. बाईंना म्हटलं पुन्हा म्हणा. वाटलं, दुसऱ्यांदा तरी दुसरं काही म्हणतील."

मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला. वर्गात मी करायची तसा.

"बाई, ती रागावेल ह्याची माझी तयारी होती. रडेल ह्याची होती. कितीतरी दिवस मी तिच्या एकेका वाक्याचं उत्तर लिहीत होते. पण तिनं आधी हसावं आणि मग तिला कळावं, ह्याचं उत्तर माझ्या वहीत नाही."

ब्लाउजवाली माझ्याकडे बघत होती. राग असता तर बरं. "अम्मा," ती म्हणाली, "उने माँ कू चिट्ठी लिख रई थी. तुमे खोलके चौक में पढ दिये."

मग मी रडले. आणि रडता रडता, देवा, मला भाषण सुचलं. मी उभी राहिले. प्रयोगाच्या दिवशी मी जाहीर माफी मागेन, माझी बारा मिनिटं मी ह्यालाच देईन, स्टेजवर नाक घासेन, हैदराबादच्या सगळ्या बायकांसमोर...

"बाई," मुलगी म्हणाली, "ह्यालासुद्धा टाळ्या हव्यात का?"

मी खाली बसले. बसल्यावर कळलं की माझा हात अजून हवेत होता.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली ठेवला, जे हे भूकंपातही करणार नाहीत. "तिनं तुझ्याकडे उखाणा का मागितला?" ह्यांनी विचारलं.

"मी चांगले करते म्हणून."

"तू तिची बाई होतीस म्हणून," हे म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला.

दुसऱ्या दिवशी वाट्यांची पिशवी घेऊन मी गौलीगुड्याला गेले. वाटेत मी माफीची सतरा वाक्यं तयार केली होती. मुलीच्या आईनं दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी दिलं. वाईट वागली असती तर मला त्यातून सांगण्यासारखं काहीतरी घेऊन निघता आलं असतं. तिनं पिशवी घेतली, वाट्या मोजल्या नाहीत, समोर बसली.

"बाई, तुम्ही मला एकदा उखाणा करून दिला होता. आठवतं?"

"आठवतं."

"हे तेव्हा आजारी होते. नाव घेताना माझा आवाज बसला. सगळ्या बघत होत्या. तुम्ही मागून माझ्या कानात पुढचा शब्द सांगितलात. फक्त मला ऐकू येईल इतका." तिनं पदरानं चष्मा पुसला. "तेव्हा हळू बोलता येत होतं तुम्हाला."

सतरापैकी एकही वाक्य बाहेर आलं नाही. निघताना मी विचारलं, "मुलीला काही सांगू का?"

"नको," ती म्हणाली. "आता आमचं आम्हाला बघू द्या."

मी कार्यशाळेतून नाव काढून घ्यायला गेले तर अक्का म्हणाली, त्या पोरीला विचारा. मुलगी वहीत काहीतरी खोडत बसली होती. "तुम्ही तुमचा प्रयोग करू नका," तिनं सांगितलं. "मी करणार आहे. शेवट बदललाय. मला प्रॉम्प्टर लागेल." मी नवलानं बघत राहिले, तशी तिनं खांदे उडवले. "इथे दुसऱ्या कुणाला मराठी वाचता येत नाही, बाई. नाहीतर तुम्हाला सांगितलं नसतं. विंगेत बसायचं. मी अडले तरच बोलायचं. नाहीतर एक अक्षर नाही."

फेब्रुवारीअखेर सिकंदराबादेतल्या एका छोट्या सभागृहात प्रयोग झाला. दारावर सात रंगांच्या पताका, आत ऐंशी खुर्च्या, आणि पाठीमागे उभे राहिलेले आणखी. ब्लाउजवालीनं गळ्यात टेप घालून रिकाम्या खुर्चीतल्या मास्टरचं माप घेतलं, खांद्यापासून सुरुवात करून, आणि माप घेता घेता त्याला सांगितलं की त्यानं शिवायला शिकवलेला पहिला ब्लाउज तिनं स्वतःसाठी शिवला होता. लोक हसत होते आणि नाकं पुसत होते. प्रयोग संपल्यावर चार बायकांनी तिला तिथेच ऑर्डरी दिल्या. मी विंगेतून बघत होते. असं काही मी तीस गणपतींत एकदाही केलं नाही.

मग ती आली. मंचावर खुर्ची, खुर्चीवर ती बरणी. समोर पहिल्या रांगेत मधली एक जागा तिनं राखून ठेवली होती, ओढणी टाकून. मी गोष्ट रचत असते तर त्या जागेवर आई आणून बसवली असती, उशिरा, दारातून वाकून, सगळ्यांची माफी मागत. ती आली नाही. ओढणी शेवटपर्यंत तशीच होती. नर्स मागे भिंतीला टेकून उभी होती, ड्यूटीवरून थेट आलेली.

माझ्या मांडीवर वही, ओळीवर बोट. दहा मिनिटं माझी एकदाही गरज पडली नाही. मग ती अंबाडीच्या ओळीशी आली. पहिली ओळ म्हटली. आणि थांबली.

मी बोटाखाली नाव बघत होते. तीन अक्षरं. जिभेच्या टोकावर आली होती. ती माझ्या जिभेवर एकदा राहून गेलेली होती, वाट ओळखीची. थांबणं लांबलं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. विंगेत शेजारी उभ्या अक्कानं मला कोपर मारलं, "अम्मा, बोलो!" अडली तरच बोलायचं, असं ठरलं होतं. अडली होती का? वहीतून मान वर करून मी पाहिलं. तिचे कान लाल झाले होते.

मी दुसरा हात तोंडावर ठेवला. दाबून.

तिनं नाव घेतलं. इतकं हळू की मागच्या रांगांना मिळालंच नसेल. कुणीतरी मागून ओरडलं, "वन्स मोअर!" आणखी दोघीतिघी ओरडल्या. तिनं मान हलवून नाही म्हटलं, बरणी उचलून मांडीवर घेतली आणि त्या खुर्चीत स्वतः बसली. मंचावरचे दिवे मालवले.

त्या दिवशी माझ्या पिशवीत बेसनाचे लाडू होते. वीस. आदल्या दिवशी वळले होते, बरणीत भरून द्यायचे म्हणून. प्रयोगानंतर सामान आवरताना ती बरणी माझ्याच हातात आली. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, रिकामीच, आणि नर्सकडे दिली. ती भरणारा हात माझा नव्हता, एवढं तरी मला आता कळत होतं. ती अजून भरली गेली की नाही, मला माहीत नाही. विचारलेलं नाही. बाजारात मुलीची आई दिसते, थांबते, "बाई, बरं आहे ना?" म्हणते आणि भाजीकडे वळते.

लाडू आम्ही दोघांनी आठवडाभर खाल्ले. पहिल्या दिवशी ह्यांनी विचारलं, "कसं झालं नाटक?"

"बरं झालं," मी म्हटलं.

हे लाडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले, पुढचं ऐकायला. चाळीस वर्षांची सवय. मी डबा पुढे सरकवला.